तेराचा फॅक्टोरियल

‘लेट अस सी’ लिहिणारे यशवंत कानेटकर आपल्या नागपूरचे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून इंजिनिअरिंग, कानपूरच्या आयआयटीतून एम.टेक. आणि मुक्काम नागपूर. दिल्लीच्या बीपीबीने छापलेलं त्यांचं हे पुस्तक देशभरातल्या इंजिनिअरिंगच्या आणि बीसीएच्या हॉस्टेलांत आवृत्तीमागून आवृत्ती फिरत राहिलं. त्यामुळे प्रोग्रामिंग म्हणजे सी आणि सी म्हणजे आपल्या गावचा विषय, असा एक घरगुती अभिमान इथे बऱ्याच जणांच्या मनात असतो. पहिल्या वर्षाला सी काढून पायथन आणायचं म्हटलं की तो लगेच दुखावतो.

धंतोलीत माझ्या शेजारच्या घरात हा वाद मामा आणि भाचीमध्ये चालतो. घर जुनं आहे. एका बाजूला हाडांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला पॅथॉलॉजी लॅब, आणि फाटकासमोर कायम कुणाची तरी गाडी लावलेली. नव्वदच्या दशकात मामांनी याच घराच्या पुढच्या दोन खोल्यांत सी शिकवली. भाची आता एका कॉलेजात बीसीसीएच्या पहिल्या वर्षाला शिकवते. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की बीसीसीए म्हणजे वाणिज्य शाखेतून संगणकाकडे जाणारी आमच्या विद्यापीठाची वाट. बारावीला गणित सोडलेली मुलंही तिथे येतात. मी त्या घरी चहाला जातो आणि ऐकतो. मला स्वतःला प्रोग्रामिंग येत नाही, पण आयुष्यभर दुसऱ्यांची कॉपी तपासली असल्याने कोण काय लपवतं आहे तेवढं कळतं.

मामा : मग, पहिल्या दिवशी काय शिकवलंस? प्रिंट हॅलो वर्ल्ड?

भाची : मशीन चालूच केलं नाही मामा. पार्किंग शिकवलं.

मामा : पार्किंग? बाप्पा! ट्रॅफिक पोलिसात भरती होणार आहेत का तुझी पोरं?

भाची : ऐका तर. मी म्हटलं, समजा आपल्या गल्लीत असा नियम केला की सम तारखेला गाड्या डाव्या बाजूला लावायच्या आणि विषम तारखेला उजव्या. आज कोणती बाजू, हे सांगणारा नियम लिहा. पण असा लिहा की ज्याला सम-विषम कळत नाही, फक्त भागाकार येतो, त्यालाही तो पाळता आला पाहिजे. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांनी लिहिलं, दोनने भागा, बाकी शून्य उरली तर डावी, एक उरली तर उजवी.

मामा : बरोबर आहे. यात काय मोठं?

भाची : मग मी म्हटलं, नियमाचा हेतू काय? रोज बाजू बदलावी, म्हणजे एका बाजूच्या घरांना आणि दवाखान्यांना कायमचा त्रास नको. तुमचा नियम रोज बाजू बदलतो का? सगळे म्हणाले, हो. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, एकतीसनंतर एक येते.”

मामा : (हसून) दोन्ही विषम.

भाची : हो ना. गाडी हलवायची गरजच नाही, सलग दोन दिवस तीच बाजू. मग दुसरी म्हणाली, तीस दिवसांच्या महिन्यात असं होत नाही. तिसरा म्हणाला, फेब्रुवारीत होतं, पण एकोणतीस दिवसांचा असेल तेव्हाच. पुढे अर्धा तास वर्ग भांडत होता की नियमाचे शब्द पाळायचे की हेतू पाळायचा, आणि हेतू पाळायचा तर तारखेऐवजी काय मोजायचं. तिथे मी थांबले. म्हटलं, हे जे तुम्ही आत्ता केलंत, त्याचं नाव प्रोग्रामिंग. भाषा उद्यापासून.

मला हा भाग आवडला आणि मामांनाही आवडला, पण त्यांनी तसं कबूल केलं नाही. त्यांचा आक्षेप पुढचा होता.

मामा : ठीक आहे. पण ‘उद्यापासून’ म्हणजे पायथनच ना? तिथेच गोची आहे. पायथन पोरांना मशीन दाखवतच नाही. बाकी काढ, यादी बनव, क्रम लाव, सगळं आयतं. आत काय होऊन राहिलं हे कळणार कधी? माझ्या वर्गात मी फॅक्टोरियलचा प्रोग्राम द्यायचो. एकपासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. टर्बो सीच्या त्या निळ्या पडद्यावर पाचचा फॅक्टोरियल १२०, सहाचा ७२०, सातचा ५,०४०. पोरं खूश. मग मी म्हणायचो, आठचा काढा. आणि पडद्यावर यायचं उणे २५,२१६.

मी : उणे? गुणाकार सगळे धन आकड्यांचे, मग उणे कुठून आलं?

मामा : हाच प्रश्न पोरांनी विचारावा म्हणून तर द्यायचो! आठचा फॅक्टोरियल ४०,३२०. टर्बो सीमध्ये पूर्णांकाला सोळा खाने. त्यातला एक खाना धन की ऋण हे ठरवायला गेला, उरले पंधरा. पंधरा खान्यांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. त्यापुढे गेलं की आकडा फिरून उण्याच्या टोकाला जातो. आमच्या जुन्या स्कूटरचा मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचा, तसं. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, उणे २५,२१६. हिशोब चोख. मशीन खोटं बोललं नाही, त्याच्याकडे जागा तेवढीच होती. हे ज्याला एकदा दिसलं, त्याला मेमरी म्हणजे काय ते जन्मभर कळलं. तुझ्या पायथनमध्ये वीसचा फॅक्टोरियल काढ. एकोणीस आकडी उत्तर गुपचूप, बरोबर. कोणाला काही विचारावंसंच वाटत नाही.

भाची : मामा, तुमच्या वर्गात तुम्ही विचारायचात. बाकीच्या वर्गांत काय व्हायचं सांगू? मी स्वतः पाहिलेल्या प्रॅक्टिकल रेकॉर्डमध्ये मुलांनी आठचा फॅक्टोरियल उणे २५,२१६ असा सुवाच्य अक्षरात उतरवलेला होता. खाली सही. सर्टिफाइड.

मामा गप्प बसले. सही कुणाची होती हे तिने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

भाची : सीने प्रश्न उभा केला हे खरं, पण विचारायची सवय काही सीमधून येत नाही. आता माझी अडचण ऐका. दुसऱ्याच दिवशी मुलाला कीबोर्डवरून एक आकडा आत घ्यायचा असतो. सीमध्ये त्यासाठी स्कॅनएफ लिहायचं आणि आकड्याच्या नावाआधी ते ‘अँड’चं चिन्ह टाकायचं. मुलगी विचारते, मॅडम, हे चिन्ह कशाला? खरं उत्तर असं की ते त्या आकड्याचा मेमरीतला पत्ता देतं. पण पत्ता म्हणजे पॉइंटर, आणि पॉइंटर सिलॅबसमध्ये शेवटी. मग सगळ्या वर्गांत एकच उत्तर मिळतं, “आत्ता असंच लिहा, पुढे कळेल.” पहिल्या आठवड्यात मी मुलांना न समजता लिहायला शिकवते. वर विचारते, तुम्ही पाठ का करता?

मामा : हे खरं आहे. स्कॅनएफचं मला कधीच आवडलं नाही.

भाची : आणि टर्बो सी! बोरलँडचं ते १९८७ सालचं. डॉसच्या जमान्याचं पॅकेज आजच्या विंडोजवर सरळ चालतही नाही. डॉसबॉक्स टाकून त्यात चालवतात. कोनिओ, क्लिअरस्क्रीन, गेटसीएच, ह्या सगळ्या डॉसच्या गोष्टी, सी भाषेच्या प्रमाणात नाहीतच. पण मुलांना वाटतं क्लिअरस्क्रीन न लिहिता प्रोग्राम केला तर मार्क कापतील.

मामा : कापायचे. काही ठिकाणी कापायचे.

भाची : वर सेमीकोलन विसरलं चौथ्या ओळीत, तर तो चूक दाखवतो पाचव्या ओळीत. मुलगा पाचवी ओळ पुनःपुन्हा वाचतो. ती बरोबर असते. त्याला वाटतं आपल्यालाच डोकं नाही. काटोलहून रोज येणारा, मराठी माध्यमातला, घरात पहिल्यांदा कॉलेजला आलेला मुलगा. पहिल्या पंधरा दिवसांत त्याने ठरवून टाकलेलं असतं की हे आपलं काम नाही.

इथे मामांनी बाजू बदलली नाही, पण आवाज खाली आला. ते स्वतः त्या वयात फोरट्रान शिकले. कोडिंग शीटवर पेन्सिलने लिहायचं, कार्ड पंच करायची, गठ्ठा देऊन यायचा, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी. एक स्वल्पविराम चुकला तर दिवस गेला. त्यांच्या पिढीच्या डोळ्यांसमोर विदर्भातलं मोठं उदाहरण होतं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे विजय भटकर १९६५ साली नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून, इंजिनिअर झाले, आणि पुढे पुण्यात सी-डॅकने त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला. इंजिनिअर होताना त्यांच्या टेबलावर संगणक नव्हता, हे मामा नेहमी ठासून सांगतात. मला हा युक्तिवाद थोडा फसवा वाटतो. साधनं नसताना शिकलेली माणसं आपल्याला दिसतात. साधनं नव्हती म्हणून सुटून गेलेली माणसं दिसत नाहीत.

मामा : उलट मी म्हणतो, दिवस जायचा म्हणून आम्ही गठ्ठा देण्याआधी कागदावर मशीन व्हायचो. ओळीमागून ओळ, आयची किंमत आता काय, एफची किंमत काय, रकाने आखून. ड्राय रन. आता बटण दाबलं की उत्तर. चुकलं की काहीतरी बदल, पुन्हा दाब. हे शिकणं आहे का?

भाची : इथे मी तुमच्या बाजूने आहे.

मामा : (संशयाने) काहून?

भाची : कारण माझ्या पायथनवाल्यांचंही तेच चालू आहे. परवा एका मुलीने दोन आकडे घेऊन बेरीज करायचा प्रोग्राम लिहिला. पाच दिले, सात दिले. उत्तर सत्तावन्न.

मी : बारा हवं ना?

भाची : पायथन कीबोर्डवरून जे घेतो ते अक्षरं म्हणून घेतो. अक्षर पाच आणि अक्षर सात जोडली की सत्तावन्न. आकडा करून घ्या असं सांगावं लागतं. तिने सत्तावन्न पाहिलं आणि पुढच्या प्रोग्रामकडे गेली. पाच आणि सात सत्तावन्न होत नाहीत हे तिला बालवाडीपासून माहीत आहे. पण पडद्यावर आलं म्हणजे बरोबरच असणार!

मामा : बघ! माझ्या सीमध्ये सुरुवातीलाच सांगावं लागतं की हा पूर्णांक, हा दशांश, हे अक्षर. प्रकार लपत नाही. तुझ्या पायथनने लपवला आणि पोरगी फसली.

भाची : तुमचं उणे २५,२१६ उतरवणारा आणि माझी सत्तावन्नवाली, दोघं सख्खे भाऊ-बहीण आहेत मामा. एकाला सी होती, एकीला पायथन.

या जागी वाद संपू शकला असता. पण मामा नागपूरचे. त्यांनी चहा परत मागवला आणि इतिहासात शिरले. नवशिक्यांसाठी मुद्दाम केलेली पहिली मोठी भाषा बेसिक. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी केली, आणि ती पहिल्यांदा चालली १ मे १९६४ रोजी. (आमच्याकडे महाराष्ट्र त्या दिवशी चार वर्षांचा झाला होता.) केमेनी-कुर्ट्झना इंजिनिअर घडवायचे नव्हते. कॉलेजातली बहुसंख्य मुलं विज्ञान शाखेची नव्हती, आणि त्यांनाही संगणक वापरता यावा, ही त्यांची जिद्द. १९७० मध्ये निकलाउस विर्थने शिकवण्यासाठीच पास्कल केली. सी १९७२ च्या सुमाराची, बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीने केलेली, आणि ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी. नवशिका तिच्या मनातही नव्हता.

भाची : म्हणजे तुम्हीच सांगताय की सी पहिल्या वर्षासाठी झालीच नाही!

मामा : मी सांगून राहिलो इतिहास. निष्कर्ष तू काढतेस.

भाची : बीसीसीएची मुलं म्हणजे केमेनीचीच मुलं. वाणिज्य शाखेची.

मामा : पण उद्या मिहानमधल्या कंपनीत मुलाखत द्यायला जातील तेव्हा पॉइंटर विचारला तर?

भाची : तेव्हा तिसऱ्या वर्षात असतील. पॉइंटर आलेला असेल. पहिल्या महिन्यात विचारायला कोण येतं?

नोकरीचा विषय दोघांनीही तिथेच टाकला. बरं झालं. पालकांच्या बैठकीत तो एवढा चघळला जातो की बाकी कशाला वेळ उरत नाही.

त्यापेक्षा भाचीने सांगितलेली एक गोष्ट मला नवी होती. ही मुलं मोबाइलवर वाढलेली. बरीचशी एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र घेऊन येतात, त्यामुळे संगणक येतो असं त्यांना आणि घरच्यांना वाटतं. पण पहिल्या प्रॅक्टिकलला प्रोग्राम सेव्ह केला आणि दुसऱ्या दिवशी तो सापडत नाही. फाइल कुठे आहे, हा प्रश्नच त्यांना कधी पडलेला नसतो. फोनमध्ये फोटो फोटोंच्या ॲपमध्ये असतो, गाणं गाण्यांच्या ॲपमध्ये, आणि खाली फोल्डरांची उतरंड आहे हे फोन कधी दाखवत नाही. एक मुलगा तर रोज नवा प्रोग्राम टाइप करायचा, कारण कालचा ‘गेला’. तो डाउनलोड्समध्ये एकाच नावाच्या पुढे कंसात एक, दोन, तीन, चार असा पडून होता. मामांच्या विद्यार्थ्यांना सी ड्राइव्ह, डिरेक्टरी, फ्लॉपी हे हाताने करावं लागायचं, म्हणून हे आपोआप यायचं. इथे मामांचा मुद्दा भाचीने विनाअट मान्य केला, आणि पहिल्या आठवड्यात दोन तास फक्त फाइल आणि फोल्डर शिकवायचे असं ठरवल्याचं सांगितलं. सिलॅबसमध्ये त्याला जागा नाही. ती कुठून तरी काढणार आहे.

मग यायचं ते आलंच.

मामा : पण आता हे सगळं कशासाठी? तुझी पोरं फोनला म्हणतात, फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहून दे. तो लिहून देतो. सी म्हणा, पायथन म्हणा, कॉमेंटसकट.

भाची : देतो. म्हणून तर मी प्रोग्राम लिहायला घरी देणं बंद केलं. मी त्यांना लिहिलेला प्रोग्राम देते, छापील, आणि विचारते, सहा दिला तर काय छापेल? शून्य दिला तर? उणे तीन दिला तर? रकाने आखा. तुमचाच ड्राय रन. पेन, कागद, फोन बॅगेत.

मामा : हं.

भाची : आणि मामा, तुमचा आठचा फॅक्टोरियल मी सोडला नाही. फक्त तेराचा केला.

मामा : तेराचा?

भाची : सहाव्या आठवड्यात एक दिवस सी. फक्त एक दिवस, टर्बो नाही, आजचा कंपायलर. आता पूर्णांकाला बत्तीस खाने असतात, त्यामुळे आठचा बरोबर येतो. बाराचाही येतो, ४७,९०,०१,६००. मी मुलांना पायथनचा प्रोग्राम आणि सीचा प्रोग्राम शेजारीशेजारी दिले. ओळीला ओळ सारखे. म्हटलं, तेराचा काढा. पायथनने दिलं ६,२२,७०,२०,८००. सीने दिलं १,९३,२०,५३,५०४.

मामा ताठ बसले. त्यांना हे लगेच कळलं. मला जरा वेळ लागला, म्हणून लिहून ठेवतो. बत्तीस खान्यांत चिन्हाचा खाना सोडून जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. तेराचा फॅक्टोरियल त्यापलीकडे जातो, फिरतो, पण या वेळी फिरून उण्यात न थांबता पुन्हा धन बाजूला येऊन बसतो. म्हणजे आठच्या वेळी उणे चिन्हाने निदान चोराचा पाय दाखवला होता. इथे उत्तर चुकीचं, पण दिसायला अगदी सभ्य.

मामा : हे वाईट आहे. माझ्यापेक्षा वाईट आहे. सीच्या नियमाप्रमाणे तर चिन्हवाला पूर्णांक मर्यादेबाहेर गेला की काय होईल याची हमीच नाही. बहुतेक मशीनवर असं फिरतं एवढंच. मग? पकडलं कोणी?

भाची : मी म्हटलं, दोघांपैकी एक चूक आहे. पुन्हा गुणाकार न करता सांगा, कोण? दहा मिनिटं कुणालाच काही सुचेना. दोघांनी फोन काढला, मी ठेवायला लावला. मग एक मुलगी उभी राहिली. बारावीला गणित नव्हतं तिला. म्हणाली, “मॅडम, यात पाच आहे आणि दोन आहे. पाच दुणे दहा. मग शेवटी शून्य नको का?”

मामांनी टेबलावर थाप मारली. कप हलले.

भाची : पायथनच्या उत्तराला शेवटी दोन शून्यं. एक पाच-दोनचं, एक दहाचं. सीचं उत्तर चारवर संपतं. मग दुसरा म्हणाला, तेराने भागून पाहू, भाग जायलाच हवा. भागलं, बाकी चार. मग मी चौदाचा काढायला लावला. सीने दिलं १,२७,८९,४५,२८०. लगेच तिघं-चौघं ओरडले, चौदाचा तेराच्यापेक्षा लहान कसा? त्या दिवशी मी मेमरीचे खाने शिकवले. आधी नाही. त्या दिवशी त्यांना ते हवे होते.

मामा : आणि पायथनला जागा कुठून मिळते?

भाची : तेच त्यांनी विचारलं! लागेल तेवढे खाने जोडत जातो, म्हणून मोठ्या आकड्यांचा हिशोब हळू होतो. त्यावर एकाने विचारलं, मग बँकेत काय वापरतात? मी म्हटलं, तू शोधून आण.

मामांनी यावर जे केलं ते मी पूर्वी पाहिलं नव्हतं. आत जाऊन ते एक पुस्तक घेऊन आले. मुंबई आयआयटीचे अभिराम रानडे यांचं, सी-प्लस-प्लसमधून प्रोग्रामिंगची ओळख करून देणारं, २०१४ मध्ये मॅकग्रॉ-हिलने काढलेलं. त्यात पहिल्याच धड्यात पडद्यावर एक कासव फिरतं. शंभर पावलं पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, हे चार वेळा कर, चौकोन तयार. ‘पुन्हा कर’ हा आदेश मूळ भाषेत नाहीच. रानडे यांच्या सिंपल-सीपीपी या संचात तो घालून दिला आहे, म्हणजे पहिल्या दिवशी अवघड चिन्हं समोर येत नाहीत आणि पुढे योग्य वेळी झाकण उघडता येतं.

मामा : बघ, हा माझ्या घराण्यातला माणूस. पायथन नाही. सी-प्लस-प्लस आहे.

भाची : आणि पहिल्या दिवशी लपवतोय. माझ्या घराण्यातला.

दोघंही आपापल्या जागी जिंकल्यासारखे दिसत होते. माझ्या मते रानडे यांच्या कासवाने दोघांच्याही बोलण्यातला एक गाळलेला शब्द भरून काढला, ‘कधी’. लपवायचं की दाखवायचं यावर ते वर्षभर भांडले असते.

एक खरा मतभेद मात्र राहिला, आणि तो भाषेचा. संगणकाच्या नव्हे, आपल्या. भाची वर्गात मराठीत समजावते. लूप, व्हेरिएबल, फंक्शन हे शब्द तसेच, भोवतालचं वाक्य मराठी. मामांना हे पटत नाही. चूक दाखवणारा संदेश पडद्यावर इंग्रजीत येणार, पुस्तक इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, मग पोराला पांगळं कशाला करायचं, असं ते म्हणतात. भाचीचं म्हणणं, चूक दाखवणारा संदेश वाचायला इंग्रजी शिकवावंच, आणि ती वेगळा तास घेऊन ते वीस-पंचवीस संदेश शिकवते. पण ‘शेवटी शून्य नको का’ हे त्या मुलीला इंग्रजीत बोलावं लागलं असतं तर ती उठली नसती. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि पायथनचे धडे मराठी आवाजात फुकट मिळतात, हेही तिने सांगितलं. मामा म्हणाले, ऐकेन. अजून ऐकलेले नाहीत.

या मतभेदात मी भाचीच्या बाजूने आहे, आणि पहिल्या सत्राच्या भाषेबद्दलही. पायथनने सुरुवात करावी. पण मामांचा एक दिवस काढून टाकू नये. पायथनच्या अभ्यासक्रमात तेराचा फॅक्टोरियल सीमध्ये चालवून दाखवणारा एक तास सक्तीचा असावा. आणि प्रॅक्टिकलच्या त्या ठरलेल्या यादीतून आर्मस्ट्राँग नंबर काढून टाकला तर कोणाचं काही अडणार नाही. १५३ च्या अंकांच्या घनांची बेरीज १५३ येते हे गोड आहे, पण परीक्षेच्या खोलीबाहेर तो आकडा मला अजून कुठे भेटलेला नाही.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर जे बसतात त्यांना एवढीच विनंती. भाषा कोणती ते तुम्ही ठरवा. पण प्रॅक्टिकलच्या पन्नास मार्कांपैकी दहा मार्क असे ठेवा की परीक्षक छापील प्रोग्राम देईल, संगणक बंद असेल, आणि विद्यार्थ्याने रकाने आखून सांगायचं की हा काय छापेल आणि ते उत्तर बरोबर आहे की नाही. खर्च काही नाही. कागद लागेल.